तळीला दिलेली वाट

माझी धाकटी बहीण हिवतापाने गेली तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि ती सहा. भाद्रपदात ताप आला. एक दिवस हुडहुडी भरून येई, एक दिवस सोडी. सोडलेल्या दिवशी ती अंगणात येऊन अबोलीची फुलं तोडत बसे, म्हणून आम्हाला वाटे की उतरला. चौथ्या पाळीत तिची शुद्ध गेली. मालवणला डॉक्टरकडे न्यायला होडी मिळाली, पण वारा तोंडावर होता. होडी निम्म्या वाटेतून परत आली. तिला वाळूवर उतरवलं तेव्हा आईने तिच्या पायांना हात लावून बघितलं आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

त्यानंतर आमच्या घरात कुणी थंडीने नुसतं अंग झटकलं तरी सगळे हातातलं काम थांबवून बघत. संध्याकाळ झाली की आई दारं लावून घेई. डास कानाशी गुणगुणला की मी दिवा घेऊन भिंती शोधत बसे.

बाबा गावच्या शाळेत मुख्याध्यापक होते आणि त्याच वर्षी निवृत्त झाले होते. घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलत. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि कारण सापडलं की उपाय सापडतो, असं त्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. बहिणीच्या बाबतीत ते कारण शोधत होते. दिवसच्या दिवस ओटीवर बसून समोर बघत, आणि समोर तळी होती.

आमचं गाव मालवणच्या दक्षिणेला, समुद्राच्या अगदी काठाला. समुद्र आणि गाव यांच्या मधे वाळूची लांबलचक टेकडी. ताडमाड उंच नव्हे, पण तिच्यावर चढल्याशिवाय समुद्र दिसत नसे, नुसता ऐकू येई. टेकडीवर केवड्याची बनं आणि पायथ्याला समुद्राच्या बाजूने मर्यादवेल पसरलेली. टेकडीच्या अलीकडे, जिथे वाळू संपून माती सुरू होते, तिथे ती तळी. या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जाईल एवढीच. पण पाणी गोड. समुद्रापासून दोनशे पावलांवर आणि गोड. चैत्रात बाकीच्या विहिरी मचूळ होत तेव्हा तळीच्या आसपासच्या विहिरींना काही होत नसे, आणि तळीच्या पाण्यावर उन्हाळ्यातलं वायंगण भात होई.

बाबांना मात्र तिथे साचलेलं पाणी दिसत होतं. साचलेल्या पाण्यात डास होतात हे त्यांनी कुठल्याशा सरकारी पत्रकात वाचलं होतं. तळी उपसून टाकली तर डास जातील, शिवाय तळाची गाळाची जमीन भातासाठी मिळेल. धान्य जास्त पिकवा असं त्या दिवसांत सरकारही सांगत होतं. बाबांनी गावकऱ्यांना बोलावलं. मास्तरांचं पोर गेलं होतं, आणि निम्म्या गावाने त्यांच्या हाताखाली मुळाक्षरं गिरवली होती. कुणी नाही म्हणालं नाही.

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी. ती मी पुढे दोन वर्षं कुणाला सांगितली नाही.

बाबा कामासाठी मसुऱ्याला गेले होते त्या दिवशी डीडीटी मारणारा माणूस आमच्याकडे आला. पाठीला पंप, अंगभर पांढरी भुकटी. भिंती फवारून झाल्यावर तो हात धुवायला विहिरीवर गेला. विहिरीजवळ आमची दगडी दोण होती, गुरांना पाणी पाजायची. गाय विकल्यापासून तिच्यात पावसाचं पाणी तसंच साचलेलं असे. तो वाकून बघत राहिला आणि मला म्हणाला, "ताई, इकडे या. या अळ्या दिसतात? पाण्यावर आडव्या पडून राहिल्यात बघा. या हिवतापाच्या डासाच्या."

"ते डास तळीतले ना?" मी विचारलं.

"तळीत मासे आहेत. मासे अळ्या खातात. इथे कोण खाणार?" असं म्हणून तो पंप उचलून पुढच्या घरी गेला.

दोण न्हाणीघराच्या वाटेवर होती. बहीण रोज तिच्यात कागदाच्या होड्या सोडी. मी ती दोण एकटीने आडवी केली, पाणी वाहून जाऊ दिलं आणि आत घरात जाऊन बसले. माझे दात वाजत होते. ताप नव्हता. बाबा आल्यावर सांगायचं असं ठरवलं होतं, पण ते आले तेव्हा त्यांच्या हातात मोजणीची सुंभाची दोरी होती, आणि कितीतरी दिवसांनी ते आईशी दोन वाक्यं बोलले. मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी टेकडीवर मोजणी झाली तेव्हा त्या दोरीचं दुसरं टोक मीच धरलं होतं.

तळीच्या काठाला शेवटचं घर एका ख्रिस्ती म्हातारीचं होतं. तिला सगळा गाव बाय म्हणे. तिचा नवरा तरुणपणीच गोव्याहून बोटीवर गेला तो परत आला नव्हता. काठच्या ओल्या वाळूत ती कांदे, मुळे, लाल भाजी लावी आणि डोक्यावर टोपली घेऊन दारोदार विकी. आम्हाला मोजताना बघून ती विळा हातात तसाच घेऊन वर आली.

"मास्तरांनू, ह्यो केवडो कित्याक तोडतास?"

बाबांनी तिला समजावलं. इथून चर काढायचा, आठ हात रुंद. पाणी समुद्रात जाईल. चराच्या तोंडाला फळ्यांची उघाडी बसवायची, खाडीच्या बांधाला असते तशी; भरतीला बंद करायची, ओहोटीला उघडायची.

बाय ऐकत होती. मग म्हणाली, "पाणी जातला ता खरा. पण तळयेक वाट दिल्यात तर ती वाट दर्यो बघून ठेवतलो."

"दर्याक डोळे नाय, बाय," बाबा तिच्याच बोलीत म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना बघितलं.

"डोळे नसात. याद आसा."

ती खाली उतरून गेली. दोरी ताणून धरता धरता मी तिच्या पाठीकडे बघत होते. एक शब्द बोलायचा, एवढंच करायचं होतं.

शिमगा झाल्यावर खणायला सुरुवात झाली. बारा माणसं होती. आधी केवडा तोडला. केवड्याची मुळं जमिनीबाहेर पायांसारखी उभी असतात. ती कुऱ्हाडीने तोडली, मग वाळूतली मुळं ओढून काढली. एकेक मूळ दोन-दोन माणसांना ओढावं लागे आणि मूळ सुटलं की त्याच्या मागून वाळू घळघळ खाली येई. ढीग करून पेटवला तेव्हा आतून साप निघाले. चराच्या अगदी कडेला केवड्याचं एक जुनं बेट होतं. त्याला हात लावायला माणसांनी नकार दिला; जागा राखणारा देव तिथे राहतो असं ते मानत. "थंय राखणदाराचो वास आसा, मास्तरांनू. थंय कोयती लावूची नाय." बाबांनी वाद घातला नाही. ते बेट तसंही त्यांच्या रेषेबाहेर होतं.

चर तळीला मिळाला त्या सकाळी सगळं गाव टेकडीवर जमलं होतं. शेवटची वाळू पाण्याने आपणच ढकलली. पाणी आधी बोटभर, मग हातभर आणि मग आवाज करत निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांत तळी कंबरभर उतरली. तळाचा काळा गाळ उघडा पडला, त्यात मासे तडफडत होते आणि लोक टोपल्या भरत होते. तिसऱ्या दिवसापासून वास सुटला. एक गाय पाण्याच्या आशेने गाळात गेली आणि पोटापर्यंत रुतली. तिला बाहेर काढायला दुपार लागली आणि ती हंबरत होती ते अजून माझ्या कानात आहे. विहिरींचं पाणी एकदम खाली गेलं. रहाट नेहमीपेक्षा जास्त फिरवावा लागतो असं बायका म्हणू लागल्या. बाबा म्हणाले, उन्हाळा आहे, होणारच.

माझी झोप तेव्हाच गेली. टेकडीपलीकडचा समुद्राचा आवाज मी जन्मापासून ऐकत होते, पण आता त्या आवाजाला दिशा आली होती. तो चरातून येत होता.

पावसाळा सुरू झाला. तळी भरू लागली, आणि बाबा ओहोटीला उघाडीच्या फळ्या काढून पाणी सोडत, भरतीला फळ्या घालत. रोज दोन वेळा. आईला ते आवडत नसे, पण त्यांना काहीतरी करायला मिळालंय म्हणून ती बोलत नसे. आषाढातल्या अमावास्येपर्यंत हे नीट चाललं.

आमच्याकडे अमावास्येला भरती दुपारी, जेवायच्या सुमाराला पुरी होते. त्या दिवशी पहाटेपासून वारा सुटला होता. तळी काठोकाठ होती, म्हणून बाबांनी सकाळी फळ्या काढून ठेवल्या होत्या. दहाच्या सुमाराला ते फळ्या घालायला निघाले. आई मला म्हणाली, "त्यांच्याबरोबर जा गो." मी इरलं डोक्यावर घेऊन मागे धावले.

टेकडीवर पोचले तेव्हा बाय आधीच तिथे होती आणि तिच्याबरोबर रापणीचं जाळं ओढणारे दोन मच्छीमार, खांद्यावर दोरखंडाची वेटोळी घेऊन. त्यांना कुणी बोलावलं होतं की ती घेऊन आली होती, मला माहीत नाही. समुद्र पांढरा झाला होता. एरवी लाट फुटते ती जागाच दिसत नव्हती. सगळीकडेच फुटत होतं. आणि पाणी चराच्या तोंडाशी येऊन जात होतं, परत येत होतं, दरवेळी थोडं आत.

बाबा उघाडीवर चढले. पहिली फळी खाचेत बसली. दुसरी पावसाने फुगली होती, ती शिरेना. ते मुठीने ठोकत होते. तेवढ्यात एक लाट उघाडीवर आपटली, आणि बाजूने, जिथे आम्ही केवडा खणून काढला होता तिथून, पाण्याची एक बारीक धार आत आली. धार म्हणजे मनगटाएवढी. मी त्या धारेकडे बघत होते. पुढच्या लाटेला ती मांडीएवढी झाली. वाळू कोसळत नव्हती, चालू लागली होती. वरून काही कळत नव्हतं, आतल्या आत ती पायाखालून निघून जात होती. माझा एक पाय घोट्यापर्यंत गेला. 

"बाबा!" मी ओरडले.

त्यांनी वळून बघितलं. तोवर उघाडीच्या दोन्ही अंगांनी पाणी घुसलं होतं. उघाडी मधे उभी, तिच्यावर बाबा, हातात ती फळी. मच्छीमारांनी दोरखंड टाकला, तो त्यांच्या खांद्यावर पडला. धरायला त्यांना हात मोकळा नव्हता. ते फळी सोडीनात. खाचेत बसवायची म्हणून धडपडत होते, जणू ती बसली की समुद्र ऐकणार होता.

तेव्हा बाय किंचाळली, "मास्तरा, फळी सोड! सोड रे ती!"

गावात बाबांना कुणी एकेरी हाक मारलेली मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. त्यांनी फळी सोडली. पुढच्याच लाटेने त्यांना उघाडीवरून उचललं. क्षणभर ते दिसले नाहीत. मी गुडघ्यांवर बसले होते आणि बहिणीचं नाव घेत होते, बाबांचं नव्हे. मग ते दिसले. चराच्या कडेच्या त्या जुन्या केवड्याच्या बेटात पाण्याने त्यांना फेकलं होतं आणि त्यांनी मुळांना मिठी मारली होती. पाणी त्या बेटाच्या भोवतीने वाहत होतं, पण बेट हललं नाही. मच्छीमारांपैकी एक कंबरेला दोरखंड बांधून आत उतरला. दुसरा, बाय आणि मी दोरखंड धरून होतो. बाबांना बाहेर ओढलं तेव्हा त्यांच्या दोन्ही तळहातांत आणि छातीत केवड्याचे काटे रुतले होते. रक्त पावसाने धुऊन जात होतं.

आम्ही उंचावर पोचून मागे बघितलं. आठ हातांच्या चराचं चाळीस-पन्नास हातांचं खिंडार झालं होतं. उघाडी अजून उभी होती. दोन खांब, वरचं आडवं लाकूड, खाली बसलेली एक फळी. दोन्ही बाजूंना भिंत नसलेलं दार. समुद्र त्या दाराच्या डावी-उजवीकडून तळीत येत-जात होता.

संध्याकाळपर्यंत बायच्या कांद्याच्या वाफ्यांवरून लाटा जाऊ लागल्या. तळीत खारट पाणी शिरलं, उरलेले मासे पोटं वर करून तरंगले. महिन्याभरात आसपासच्या सगळ्या विहिरी खाऱ्या झाल्या. त्या वर्षी वायंगण नाही, पुढच्या वर्षीही नाही. टेकडी फुटल्यामुळे वारा थेट गावात येई आणि ताटात, अंथरुणात, डोळ्यांत वाळू. दर अमावास्या-पुनवेला लोक सामान माळ्यावर ठेवत आणि लहान मुलांना गावामागच्या सड्यावर, उंच कातळी पठारावर, पाहुण्यांकडे पाठवत. सगळ्या गावालाच हिवताप आला असावा, अशी पाळीपाळीने भरणारी ती भीती होती.

पिण्याचं पाणी सड्याखालच्या विहिरीवरून आणावं लागे. चढ-उताराची वाट, तासभर जायला, तासभर यायला. मी आईऐवजी जात असे. मी पोचले की बायका बोलणं थांबवत. एक शेजारीण बाजूला होऊन मला म्हणायची, "तू आधी भर गो." रोज तेवढंच. कुणी शिवी दिली असती तर मी सहन केली असती. त्या आदराने मला घाम फुटे. मी कळशी भरून मान खाली घालून परत निघे आणि माझ्या पाठीमागे बोलणं सुरू झालेलं ऐकू येई.

बाबा घराबाहेर पडत नव्हते. तळहात बरे झाले होते, पण बोटं नीट मिटत नसत. जेवताना आई घास कालवून देई. समुद्राची गाज वाढली की उठून मधल्या खोलीत जाऊन बसत. त्या खोलीला खिडकी नव्हती.

पाऊस संपल्यावर कार्तिकात एक दिवस सकाळी बाय आली. डोक्यावर टोपली, टोपलीत कांदे नव्हते. मर्यादवेलीचे वेटोळे केलेले लांब वेल होते. ती ओटीवर बसली आणि आत बघून म्हणाली, "मास्तरांनू, भायर येवा. घरात बसान वाळू परत येवची नाय."

तिने टोपली खाली ठेवली.

"माझे वाफे गेले. माका काय वाटला नसात? पण तुमी दोरी धरून मोजलास तां माका व्हया. खंयसून खंय फुटलीहा, तां तुमकाच ठाऊक."

बऱ्याच वेळाने बाबा बाहेर आले. टोपलीकडे बघत राहिले. मग आईला म्हणाले, "माझी टोपी कुठे आहे?"

बायच्या सासूने कधीकाळी असंच एक भगदाड बुजवलेलं तिने पाहिलं होतं. रीत सोपी होती, वेळखाऊ होती. हिवाळ्यात वारा समुद्रावरून येतो. त्याच्या वाटेत माडाच्या झावळ्यांचा कूड उभा करायचा, खुंट्यांना सुंभाने बांधून. वारा वाळू घेऊन येतो, कुडाला अडतो आणि वाळू तिथेच टाकतो. कूड बुडाला की त्याच्यावर दुसरा. वाळू गुडघाभर झाली की समुद्राच्या बाजूने मर्यादवेल टोचायची, माथ्यावर केवड्याचे फुटवे. त्या जुन्या बेटातलेच फुटवे आम्ही काढून लावले. गुरं येऊन वेल तुडवत, म्हणून दिवसभर कुणीतरी राखत बसायचं.

पहिले दोन महिने आम्ही तिघंच होतो. बाबा, बाय आणि मी. पहिला कूड पौषातल्या उधाणाने रातोरात नेला. सकाळी तिथे सपाट ओली वाळू बघून बाबा मटकन खाली बसले. बाय त्यांच्या शेजारी बसून राहिली, तपकिरीची डबी काढून तिने चिमूटभर ओढली आणि म्हणाली, "झावळ्यो माझ्या परड्यात आणखी आसत." त्या दिवशी दुपारी ते दोघे मच्छीमार आले. आठवडाभराने आणखी चौघे. शेवटी बायकाही आल्या.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मी आणि बाबा दोघेच कूड बांधत होतो. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही. हात सुंभात अडकलेलेच ठेवून मी बोलले. त्यांच्याकडे बघून बोलायची हिंमत नव्हती.

"बाबा, तुम्ही मसुऱ्याला गेला होतात ना, तेव्हा फवारणीवाला आला होता."

"हं."

"त्याने आपल्या दोणीतल्या अळ्या दाखवल्या. हिवतापाच्या. तळीत मासे असतात, तिथे होत नाहीत म्हणाला. मी दोण आडवी केली. तुम्हाला सांगितलं नाही."

वारा होता. त्यांनी हातातली झावळी खाली ठेवली.

"दोणीत," ते म्हणाले. "पुष्कळ होत्या?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. आता ते उठून पाण्यात चालत जातील अशी मला भीती वाटली. खरंच वाटली, मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. त्यांनी माझा हात हळूच सोडवला.

"आईला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"ती रोज तिथे खेळायची," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "सुंभ दे इकडे." आम्ही तो कूड पुरा केला. त्या विषयावर आमचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

खिंडार पाचव्या वर्षी बुजलं. दोन पावसाळे गेल्यावर विहिरी हळूहळू सुधारल्या, तळीला आणखी वेळ लागला. बेडूक आधी आले, मग मासे. कुठून आले देव जाणे. हळदीकुंकू बदकांची जोडी आली तेव्हा बायने मला मुद्दाम बोलावून दाखवली. तोवर मी ट्रेनिंग घेऊन खारेपाटणच्या शाळेत मास्तरीण झाले होते आणि सुटीलाच घरी येत असे. बाय एका पावसाळ्यात गेली. तिला मूलबाळ नव्हतं. देवळाच्या वाटेने कधी चुकूनही न वळणारे बाबा चर्चच्या आवारात शवपेटीच्या मागच्या टोकाला खांदा देऊन चालले. त्यांच्या मिटत नसलेल्या बोटांकडे बघून पाद्री दुसऱ्या माणसाला पुढे करत होता, पण ते बाजूला झाले नाहीत.

त्यानंतरच्या मे महिन्यात ट्रक आले.

नव्या रस्त्याचं काम चाललं होतं आणि त्याला वाळू लागत होती. मी घरी होते. सकाळी टेकडीच्या पायथ्याशी दोन ट्रक उभे असलेले दिसले, आणि माणसं फावडी घेऊन नेमक्या त्याच जागी चढत होती, जिथे वाळू नवी आणि मोकळी होती. बाबा पेज तशीच टाकून निघाले. मी मागोमाग. वाटेत त्यांचा श्वास वाजत होता.

ते मुकादमासमोर उभे राहिले आणि त्यांना बोलताच येईना. ओठ हलत होते. जन्मभर वर्गासमोर बोललेला माणूस.

"काय मास्तर, तब्येत बरी नाही का?" मुकादम म्हणाला. "सरकारी रस्ता आहे. चार गाड्या वाळूने काय समुद्र आत येणार आहे?"

त्याची माणसं हसली. बाबा मग खाली वाळूत, फावड्यांच्या पुढ्यात बसले. तिथे बसून त्यांना आवाज सापडला.

"मी आठ हात वाट दिली होती," ते म्हणाले. "याच जागी. मला भीती वाटते आहे, ती तुम्हाला दिसते आहे ना? मला ती लपवायची नाही. मी ते बघितलं आहे."

तोवर पाण्याला आलेल्या बायका टेकडीवर जमल्या होत्या. त्यांच्यातली ती शेजारीण, मला विहिरीवर रोज पुढे करणारी, कळशी घेऊन खाली आली आणि मुकादमाच्या पायांशी ठेवली. "ही घेवन सड्याखाली जावन येवा. भरून. सात वर्सां रोज. मगे वाळू काढा." ती बाबांच्या शेजारी जाऊन बसली. मग बाकीच्याही बसल्या. मीही बसले. मला विलक्षण भीती वाटत होती, ट्रकच्या चाकांची, त्या माणसांची, आणि आपल्याखालची वाळू पुन्हा हलेल याची. पण शेजारणीचा दंड माझ्या दंडाला लागलेला होता, आणि तोही थरथरत होता.

ट्रक रिकामे गेले. आठवड्याने पुन्हा आले, दुसऱ्या टोकाने. तिथेही लोक बसले होते. महिनाभर पाळ्या लावून राखण केली. त्या महिन्यात बाबांनी तालुक्याला तीन अर्ज लिहिले, हात नीट चालत नसल्यामुळे तोंडी सांगून माझ्याकडून लिहवून घेतले. वाळूची गरज दुसरीकडून भागली असावी. ट्रक यायचे थांबले. ग्रामपंचायतीने ठराव केला की टेकडीवरची वाळू कुणी नेऊ नये, केवडा तोडू नये आणि पावसाळ्याआधी तिथे गुरं सोडू नयेत. ठरावाचा मसुदा बाबांचाच. त्यात त्यांनी एक वाक्य घातलं होतं, ते सरपंचांनी काढा म्हटलं तरी काढलं नाही: 'हे माझ्या चुकीमुळे लिहावे लागत आहे.'

बाबांना त्यानंतरही झोप लागत नसे. टेकडी भरली, तळी भरली, तरी त्यांची भीती गेली नाही, आणि माझीही. बुजवलेली जागा बाकीच्या टेकडीपेक्षा अजून हातभर खालीच आहे. आषाढातल्या अमावास्येला दुपारच्या भरतीच्या वेळी माणसं कामं टाकून तिथे येतात. कुणी बोलावत नाही, ढोल वाजत नाही. मी रजा काढून एकदा गेले होते तेव्हा वीसेक जण पावसात उभे होते. बाबा इरलं घेऊन सगळ्यांत पुढे. लाट वेलीपर्यंत आली, वेलीत शिरली, थांबली. पुन्हा आली. कुणी काही बोलत नव्हतं. एक वाजून गेला तेव्हा मच्छीमारांपैकी एकाने पाण्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "उतरता. चला, जेवाक जावया."